एकाहत्तर वाट्या

१ जानेवारी

नवी डायरी. मुलाच्या, कौशिकच्या कंपनीने दिलेली, प्रत्येक पानाखाली एकेक इंग्रजी सुविचार. ते मी वाचणार नाही.

स्टेशनमास्तर होतो तेव्हा ड्यूटी संपताना रोज डायरी भरावी लागे. कोणती गाडी, किती वाजता, किती मिनिटं उशिरा, का. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सवय जात नाही, म्हणून घरची लिहितो. ज्या दिवशी काही घडत नाही त्या दिवशी लिहीत नाही.

वर्षाचा संकल्प केला, की राजकारणावर चिडायचं नाही. तो सकाळी ९.१० ला मोडला. दुधाच्या बूथवर आमचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, उभे होते. मी नमस्कार केला, तर मला म्हणतात, "आप इधर नये आये हैं?" भुसावळहून बदली होऊन जयपूरला आलो त्याला चोवीस वर्षं झाली, प्रताप नगरात घर घेतलं त्याला वीस. हेच गृहस्थ मागच्या निवडणुकीत आमच्या सोफ्यावर पंचवीस मिनिटं बसले, दोन बशा पोहे खाल्ले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मास्टरसाब, पार्क मेरी ज़िम्मेदारी." निवडून आल्यावर सहा महिन्यांत दुसऱ्या पक्षात गेले. पार्कात अजून कचराच आहे.

डायरीच्या शेवटच्या पानावर मी एक यादी ठेवतो. आमच्या सोफ्यावर बसून मत मागून गेलेला उमेदवार, तारीख आणि दिलेला शब्द. दर वर्षी नव्या डायरीत उतरवून घेतो. आज उतरवली. दोन्ही पक्षांचे मिळून अकरा जण. काम झालं की नावापुढे टिक करायची असं ठरवलं होतं. अजून एकही नाही.

५ जानेवारी

त्रिपोलिया बाजारात जाऊन सरोजच्या हळदीकुंकवासाठी वाण आणलं. स्टीलच्या ऐंशी वाट्या. सरोज नको नको म्हणत असताना मी प्रत्येक वाटीवर मशीनने नाव घालून घेतलं, "सौ. सरोजिनी फेगडे, संक्रांत". पावणेदोन तास लागले.

"अहो, वाणाच्या वाटीवर देणाऱ्याचं नाव कशाला? लोक हसतील."

मी म्हटलं, आपल्याकडे चमच्यावरसुद्धा नाव असतं. नाव नसलेलं भांडं म्हणजे चिठ्ठी नसलेलं पार्सल. गेल्या वर्षी दिलेल्या डब्या कोणाच्या कोणाकडे गेल्या याचा शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. यंदा तसं होणार नाही.

९ जानेवारी

महापालिकेची निवडणूक जाहीर झाली. मतदान ८ फेब्रुवारीला. आमचा वॉर्ड या वेळी महिलांसाठी राखीव. म्हणजे नवऱ्याचा फोटो मोठा आणि बाईचा लहान अशी पोस्टरं लागणार.

शेजारचे सुखदेवजी आणि मी वीस वर्षं पार्कच्या त्याच बाकावर भांडत आलो. ते रोडवेजचे निवृत्त ड्रायव्हर. मी एका पक्षाचा, ते दुसऱ्या पक्षाचे. मी त्यांच्या बसच्या उशिरावर बोलायचं, त्यांनी माझ्या गाड्यांच्या. आज दोघांनाही भांडायला काही सुचेना. त्यांचा माणूस माझ्या पक्षात आला आहे, माझा त्यांच्याकडे गेला आहे. कोणाची बाजू घ्यायची?

"मास्टरसाब, मैं तो इस बार वोट ही नहीं डालूँगा," ते म्हणाले.

मी लगेच हात पुढे केला. दोघांनी कचऱ्याकडे तोंड करून शपथ घेतली, की आठ तारखेला बूथची पायरी चढायची नाही. पहिल्यांदा मत दिलं तेव्हा मी नवा शर्ट घातला होता. हे एवढंच लिहितो, जास्त लिहिलं तर वाईट वाटतं.

घरी येऊन सरोजला सांगितलं. ती फोनवर होती, मागच्या गल्लीतल्या दिव्यासाठी लाइनमनला उठवत होती. फोन ठेवून तिने वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, "बरं."

१२ जानेवारी

या घरात शांतता म्हणून नाही. सकाळपासून सात बायका येऊन गेल्या. भाभीजी, नळाला पाणी नाही. भाभीजी, गटाराचं झाकण तुटलं. सरोजच्या वहीत साऱ्या सेक्टरचे प्लंबर, फिटर, टँकरवाले आहेत. मी तिला म्हटलं, हे काम पार्षदाचं, तू कशाला डोकं लावतेस? ती म्हणाली, "तेच तर."

तेच तर काय, ते विचारायचं राहिलं.

दुपारी सुखदेवजींच्या मीराबाई आणि इतर चौघी आतल्या खोलीत दार लावून बसल्या होत्या. हळदीकुंकवाची तयारी म्हणे. एवढी तयारी पूर्वी लागत नसे.

१४ जानेवारी

संक्रांत. हात सुजला आहे, बोटाला मांजाने कापलं आहे, आणि मी फार आनंदात आहे.

सकाळी ८ वाजता गच्चीवर गेलो तर सगळं जयपूर गच्चीवर. समोर फीणीचं, इथल्या सुतरफेणीचं, ताट, कौशिकने लावलेली गाणी, चारी बाजूंनी "वो काटा!" दोन्ही पक्षांनी आपापली चिन्हं छापलेले पतंग गल्लीत फुकट वाटले होते. आचारसंहिता लागून पाच दिवस झाले, पण कोणी ब्र काढला नाही. मी निक्षून साधा पांढरा पतंग घेतला. सरोज मांजाची चक्री धरायला आली. ती कधी येत नाही.

१०.४० ला पहिल्या पक्षाचा पतंग अंगावर आला. मी ओढायला लागलो, तर सरोज मागून म्हणते, "ओढू नका, ढील द्या. त्याला येऊ द्या." ढील दिली. तो कटला. पुढे वीस मिनिटांत दुसऱ्या पक्षाचाही कटला. शेजारच्या गच्चीवरून मीराबाईंनी थाळी वाजवली. सुखदेवजी ओरडले, "मास्टरसाब ने दोनों निपटा दिये!"

सरोज एवढी हसत होती की चक्री हातातून सुटली. तिला असं हसताना बघून मलाही काही कारण नसताना हसू येत राहिलं.

१६ जानेवारी

कौशिक माझ्या पेन्शनचे आणि घराचे कागद मागत होता. म्हणे आईच्या बँकेचं केवायसी. मग विचारतो, "बाबा, तुमच्यावर कधी कोई केस वगैरे? मतलब, कोर्टात?" मी म्हटलं, छत्तीस वर्षांच्या नोकरीत साधा मेमो नाही. त्याने ते लिहून घेतलं. हल्ली बँका फारच खोलात शिरतात.

१९ जानेवारी

सरोज मोरपंखी पैठणी नेसून बँकेत गेली. बरोबर मीराबाई आणि सहा बायका. ११.०५ ला गेल्या, ३.३० ला आल्या. सगळ्यांच्या कपाळाला गुलाल. मी विचारलं, तर सरोज म्हणाली, वाटेत देवळात गेलो होतो. बँकेच्या कामाला एवढा वेळ लागतो तर तक्रार करायला हवी. मी अर्ज लिहून देतो म्हटलं. ती नको म्हणाली.

२१ जानेवारी

हळदीकुंकू. ४ ते ७ मला घराबाहेर काढलं. सुखदेवजी आणि मी बाकावर शेंगदाणे खात बसलो. आमच्या घरातून टाळ्या ऐकू येत होत्या. हळदीकुंकवात टाळ्या कशाला?

७.१५ ला घरी आलो तेव्हा सरोज दमून, पाय पसरून बसली होती. "एकाहत्तर बायका आल्या," म्हणाली. मी वाट्या मोजल्या. नऊ उरल्या होत्या. हिशोब बरोबर.

२३ जानेवारी

आज लिहायला हात चालत नाही, तरी लिहितो.

सकाळी वर्तमानपत्रात आमच्या वॉर्डाच्या उमेदवारांची यादी आली. पहिलं नाव एका पक्षाच्या बाईंचं, दुसरं दुसऱ्या पक्षाच्या. तिसरं: सरोजिनी उत्तम फेगडे, निर्दलीय, म्हणजे अपक्ष.

मी तीनदा वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "ही कोण?"

ती भाकरी थापत होती. "मीच," म्हणाली. तव्यावर भाकरी टाकून मगच माझ्याकडे वळली.

मी पुष्कळ बोललो. चोरून केलंस, माझ्या कागदांवर केलंस, मी या सगळ्या लोकांना शिव्या देतो आणि तू त्यांच्यात जाऊन बसणार. तिने पिठाचे हात पुसले. मग म्हणाली, "तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही डायरीत तीन पानं विरोधात लिहिली असती आणि मला ती वाचून दाखवली असती. मग मी उभीच राहिले नसते. वीस वर्षं लोक या दारात येतात हो. मी फोन करते तेव्हा समोरचा विचारतो, आप कौन? मला त्या प्रश्नाला उत्तर हवंय."

मी म्हटलं, "मी शपथ घेतली आहे. मत देणार नाही. तुलाही नाही."

"मी मागितलं कुठे अजून?" ती म्हणाली.

भाकरी करपली. दोघांनी तशीच खाल्ली.

२४ जानेवारी

सकाळी ११.३० ला भरारी पथकाची गाडी दारात. एक अधिकारी मॅडम, एक व्हिडिओवाला, एक शिपाई. एका पक्षाने तक्रार केली होती, की उमेदवाराने स्वतःचं नाव खोदलेली भांडी मतदारांत वाटली. मॅडमनी पिशवीतून वाटी काढली. सौ. सरोजिनी फेगडे, संक्रांत.

मी मॅडमना खुर्ची पुढे केली.

सरोजने त्यांना हळदीकुंकू समजावून सांगितलं. आमच्याकडे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत करतात, बायकांना बोलावून वाण देतात, मी इथे वीस वर्षं देते आहे. मॅडमनी नीट ऐकलं. म्हणाल्या, "रिवाज होगा. पर आप अब कैंडिडेट हैं. और नाम क्यों खुदवाया?"

सरोजने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "हमारे यहाँ बर्तन पर नाम डालते हैं." मी पुढे होऊन सांगितलं, की नाव मी घातलं, तिचा विरोध होता. मॅडमनी तेही लिहून घेतलं. वाटलेल्या सगळ्या वाट्या उद्या संध्याकाळी सहापर्यंत जमा करायच्या. त्यांच्याकडची धरून एकाहत्तर. एक जरी कमी भरली तरी अहवाल वर जाईल आणि उमेदवारीवर गदा येऊ शकते.

गाडी गेली. मी सोफ्यावर बसून राहिलो. खरं लिहायचं तर पहिला विचार असा आला, की बरं झालं, रद्द होऊ दे, घर पूर्वीसारखं होईल. हा विचार मनात आला याची मला लाज वाटते आहे. दुसरा विचार त्याहून वाईट. फुकट मिळालेली वस्तू कोण परत करतं? मागे कोणी मिक्सर वाटले होते, कोणी साड्या. एक तरी परत आली? पक्षांवरचा विश्वास गेला असं मी म्हणतो, पण मतदारांवरचा तर त्याआधीच गेला होता. आज कळलं.

सरोजने वहीतून सगळ्यांना फोन केले. "वाटी परत हवी आहे" असं वाण दिलेल्या बाईला सांगताना ती पहिल्यांदा अडखळली. रडली नाही. पुढचा नंबर लावला.

२५ जानेवारी, रथसप्तमी

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी ७.०५. मीराबाई आल्या. वाटीत चुरमा. मी म्हटलं, भाभीजी, नुसती वाटी चालली असती. त्या म्हणाल्या, "खाली बर्तन कोई लौटाता है क्या, भाईसाब?"

आमच्याकडेही नाही लौटवत. पण इथे सरकारी जप्ती चालू आहे, कसं सांगायचं?

७.२० ला तिळाचे लाडू. ७.२५ ला गट्ट्याची भाजी, गरम, वर झाकण. मग एकदम पाच जणी. नऊ वाजता अंगणात रांग. बाजरीची खिचडी, मुगाचा हलवा, लसणाची चटणी, एकीने काही सुचलं नाही म्हणून गूळ, एकीने तुळशीचं रोप. कोपऱ्यावरच्या कोचिंग क्लासच्या बाई शिकवता शिकवता धावत आल्या, त्यांच्या वाटीत पेन्सिली. मी दारात खुर्ची टाकून प्रत्येक वाटीची वेळ लिहिली. एकीचे यजमान त्याच तक्रार करणाऱ्या पक्षाचे कार्यकर्ते. मी चकित होऊन बघितलं, तर ती म्हणाली, "वो अपनी पार्टी में, मैं अपनी कटोरी में."

सकाळी अकरापर्यंत माझं काय होत होतं ते सांगता येत नाही. मी पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होतो. कौशिकने विचारलं, "बाबा, ठीक आहात ना?" मी म्हटलं, चटणी तिखट आहे. चाखली नव्हती.

दुपारी २.३० ला मॅडमकडची धरून सत्तर. एकाहत्तरावी नाही. वही बघितली: मीराबाईंची बगरूची नणंद. हळदीकुंकवाला म्हणून आली होती, दुसऱ्या दिवशी परत गेली. फोन बंद. बगरू पस्तीस किलोमीटर.

सुखदेवजी आतून स्कूटरची किल्ली घेऊन आले. "बैठो, मास्टरसाब."

"आपण शपथ घेतली होती," मी म्हटलं. "राजकारणात पडायचं नाही."

"ये राजनीति थोड़े ही है. ये कटोरी है."

२.४१ ला निघालो. दोन म्हातारे, दोघांच्या डोक्याला मफलर, मधे माझा गुडघा. अजमेर रोडवर ट्रकवाले हॉर्न देत होते आणि सुखदेवजी बस चालवत असल्यासारखे मधोमध जात होते. मी म्हटलं, साइड द्या. ते म्हणाले, "रोडवेज साइड नहीं देती." ४.०२ ला बगरू.

अंगणभर छापलेली कापडं वाळत होती. नणंदबाई ठसा घेऊन टेबलाशी उभ्या आणि बाजूला आमची वाटी, आत लोखंड आणि गुळाचा काळा रंग. रंग ओतायला बरी पडते म्हणाल्या. आम्ही हकीकत सांगितली तशी त्यांनी कपाळाला हात लावला, "म्हने कांई ठा, भाभी की कटोरी सरकारी हो गी!" मला काय ठाऊक, म्हणत होत्या. घासून घासून धुतली, पण काळा डाग निघेना. नाव मात्र नीट वाचता येत होतं. निघताना म्हणाल्या, रिकामी कशी देऊ? छापलेला एक लाल-काळा रुमाल घडी करून वाटीत ठेवला.

परत येताना वाटी मी कोटाच्या आत छातीशी धरली होती. ५.४९ ला फाटकात शिरलो. अंगणात ही गर्दी, मधे मॅडम उभ्या. मी वाटी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी स्वतः मोजल्या. त्यांची एक, आमच्या सत्तर. एकाहत्तर. मग पंचनामा लिहिणाऱ्याने विचारलं, "मैडम, क्या लिखूँ? भरी हुई?" सगळे हसले, मॅडम सोडून. त्या म्हणाल्या, इथे कोणाला काही खायला घालायचं नाही, त्याचीही तक्रार होईल. जिने जे आणलं ते तिने परत न्यावं. बायकांनी मान डोलावली आणि प्रत्येकीने दुसरीचं नेलं. चुरमा घेऊन जाणाऱ्या बाईने खिचडी आणली होती हे मी लिहून ठेवलं होतं, पण बोललो नाही. वाट्या पोत्यात भरून गाडीत ठेवल्या. गाडीत बसताना मॅडम सरोजला म्हणाल्या, "बीस साल से करती हैं? अगले साल भी कीजिएगा. बिना नाम के." तेव्हा मात्र हसल्या.

२८ जानेवारी

लेखी समज मिळाली. उमेदवारी कायम. वाट्या निवडणूक संपेपर्यंत जप्त. चिन्ह बादली.

२ फेब्रुवारी

संध्याकाळी ५.३० ला बेल वाजली. दार उघडलं तर बाहेर सरोज. हात जोडून. मागे मीराबाई, कौशिक आणि दहा-बारा बायका, एकीच्या हातात प्लास्टिकची लाल बादली.

"आत ये ना, किल्ली विसरलीस का?"

"प्रचाराला आलेय," ती म्हणाली. "या गल्लीतलं एवढंच घर राहिलं होतं."

तिला सोफ्यावर बसवलं. पोह्यांचं विचारलं, ती नको म्हणाली. मग मी डायरी आणली, शेवटचं पान काढलं आणि पेन पुढे केलं. नियम तो नियम. तिने अकरा नावं वाचली, जरा विचार केला आणि बारावं स्वतः लिहिलं. नाव, तारीख, शब्द: दर सोमवारी सकाळी आठ ते नऊ दार उघडं.

"एवढंच?" मी विचारलं. "पार्क?"

"पार्कचं होईल की नाही मला माहीत नाही. दार माझ्या हातात आहे."

असं आजवर एकानेही म्हटलं नव्हतं. "विचार करतो," म्हणालो. ती "आभारी आहे" म्हणाली, उठून बाहेर गेली, बादलीवाल्यांना निरोप दिला आणि पाच मिनिटांनी परत येऊन कुकर लावला.

८ फेब्रुवारी

पहाटेच उठलो. नवा शर्ट घातला. सरोज अजून आरशापुढे होती, मी कुठे निघालो ते तिला सांगितलं नाही. कोणाला मत दिलं ते मी इथेही लिहिणार नाही, मतदान गुप्त असतं.

६.४० ला बूथवर पोचलो तर रांगेत पहिले सुखदेवजी. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ते म्हणाले, "मैं तो बस टाइम देखने आया था." मी म्हटलं, मीही.

१० फेब्रुवारी

त्रेचाळीस मतांनी!

कौशिकचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. खाली धावलो. ढोल, गुलाल, मीराबाई नाचत होत्या, सुखदेवजी रडत होते आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणत होते. सरोज गर्दीतून माझ्याकडे आली आणि माझा हात धरून उभी राहिली. माझ्या दुसऱ्या हातात ओला टॉवेल होता, तो कोणाच्या तरी खांद्यावर टाकला. कोणाच्या ते आठवत नाही.

संध्याकाळी भरीत आणि भाकरी केली. मी केली. भाकरी जाड झाली, सगळ्यांनी खाल्ली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

शपथविधी अजून व्हायचा आहे, पण सोमवार आला.

७.३० ला सरोज म्हणाली, "तुम्हाला काही काम असेल तर बाहेर जाऊन रांगेत उभे राहा. आतून कोणी यायचं नाही." मी चपला घातल्या, फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. माझ्यापुढे तिघे, तिसरे सुखदेवजी, पार्कचा अर्ज घेऊन. मी रांगेत त्यांच्या मागे आल्यावर त्यांना फार आनंद झाला. म्हणाले, "रोडवेज पहले."

८.०० ला दार उघडलं. मी घड्याळ बघितलं, खिशातून डायरी काढली, शेवटचं पान काढून बाराव्या नावापुढे टिक केली. सुखदेवजींनी वाकून बघितलं. या यादीतली पहिली टिक, जरा वाकडी आली.

८.१७ ला माझा नंबर आला. सोफा भिंतीकडे सरकवलेला, तिथे टेबल, टेबलाशी सरोज, तीच जुनी वही. तिने मान वर केली नाही.

"नाव?"

"उत्तम फेगडे."

"काम?"

"माझ्या एकाहत्तर वाट्या सरकारी कार्यालयात पडून आहेत. त्या सोडवायच्या आहेत."

तिने लिहून घेतलं. ओठ दाबून धरले होते, पण हसू डोळ्यांत आलंच.

"व्यवसाय?"

सहा वर्षं या प्रश्नाला मी निवृत्त असं उत्तर देत आलो. आज तोंडात शब्द आला तो वेगळा.

"मतदार," मी म्हणालो.

तिने तसंच लिहिलं आणि माझ्या मागच्या बाईंना आत बोलावलं.